गणपतीच्या वडलांच्या नावाचं सिमकार्ड

देवळालीगावात मालनबाई आहेरच्या दारावर तिच्या नवऱ्याचं नाव हातभर उंच अक्षरांत रंगवलेलं होतं. नवरा पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागचे मोर, गाड्यांच्या नंबरप्लेटा हे त्याचं काम, त्यामुळे स्वतःच्या दारावर ‘त्र्यंबक आर्ट्स’ लिहिताना त्यानं सगळी हौस फेडून घेतली होती. लाल अक्षरं, पिवळी सावली, खाली वेलबुट्टी. त्या पाटीखालून मालनबाई दिवसभर ये-जा करायची, पण ते नाव तिच्या तोंडातून कधी कुणी ऐकलं नव्हतं. माहेर कसमादे पट्ट्यातल्या देवळ्याकडचं, आणि आईनं लग्नाआधीच बजावलेलं, की नवऱ्याचं नाव उच्चारलं तर त्याचं आयुष्य तेवढ्यानं कमी होतं. लग्नात नाव घे म्हणून बायकांनी दार अडवलं, तेव्हा ही नवी नवरी मागल्या खिडकीतून घरात उतरली म्हणतात. खिडकीचं आम्ही ऐकलेलं, पण सांगणारी तिची सख्खी नणंद होती, आणि नणंदा असल्या बाबतीत काही हातचं राखत नाहीत.

बरं, नवऱ्याचं नाव रमेश-सुरेश असतं तर निभलं असतं. इथं नाव पडलं त्र्यंबक, आणि नाशकात राहायचं म्हणजे पावलोपावली त्र्यंबक. त्र्यंबक नाका, त्र्यंबक रोड, त्र्यंबकेश्वर. मालनबाईच्या बोलण्यात हे सगळं ‘वरचं गाव’ आणि ‘वरच्या गावाचा रस्ता’ झालं होतं. एकदा दर्शनाला निघाली, तर एसटीत कंडक्टरनं विचारलं, “कुठं, मावशी?”

“वरच्या गावाला.”

“कुठल्या वरच्या?”

“गोदावरी निघती तिथलं द्या.”

“मावशी, भूगोलात नापास झालो म्हणून तर कंडक्टर झालो. गावाचं नाव सांगा.”

गाडी थांबलेली, ड्रायव्हर आरशातून बघतोय. शेवटी मागच्या बाकावरच्या एका बाईनं तिच्या वतीनं नाव सांगितलं, तेव्हा तिकीट फाटलं. त्या बाईच्या नवऱ्याचं नाव विलास होतं, तिला काय अडचण?

गल्लीतल्या बायकांना तर हा फुकटचा तमाशाच होता. “मालनबाई, शंकराला बेलाचं पान किती दळांचं हो लागतं? आणि डोळे किती त्याला?” असं विचारून त्या तिला घेरायच्या. “मसणात जा,” म्हणून ती हसत हसत खापराकडे वळायची.

खापर हे मात्र मालनबाईचं खरं राज्य. खापरावरचे मांडे करावेत तर तिनं. पुरण भरलेली कणकेची गोळी दोन्ही हातांवर घेऊन ती अशी फिरवायची, की बघता बघता मांडा कोपरापर्यंत पसरायचा, आरपार दिसेल इतका पातळ व्हायचा, आणि मग उलट्या तापल्या खापरावर अलगद जाऊन पडायचा. फाटायचा नाही. कसमादेकडची जी घरं नोकरीधंद्यासाठी नाशिकरोड, सातपूर, सिडकोत येऊन राहिली होती, त्यांना लग्नात, डोहाळजेवणाला, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला मांडे लागायचे, आणि घरच्या सुनांना ते जमायचे नाहीत. तेव्हा मालनबाई.

दोन हजार तीन साली तिनं जुना का होईना, मोबाइल घ्यायचा ठरवलं. तोपर्यंत ऑर्डरी शेजारच्या दवाखान्याच्या फोनवर यायच्या, आणि डॉक्टर वैतागला होता. पेशंट म्हणून फोन उचलावा तर पलीकडून विचारणा, “पुरण गुळाचं की साखरेचं?”

सिमकार्डासाठी ती निवृत्तीच्या दुकानात गेली. निवृत्ती आधी घड्याळं दुरुस्त करायचा, मग त्यानं पीसीओ टाकला, मग वारा बघून मोबाइलचं दुकान केलं. सिमकार्ड घ्यायचं तर फोटो, ओळखीचा पुरावा आणि पत्त्याचा पुरावा हवा, हा नियम तेव्हाही होता. पण नियम आणि निवृत्ती यांचं एकमेकांकडे फारसं जाणं-येणं नव्हतं.

“पूर्ण नाव सांगा,” त्यानं इंग्रजी फॉर्म पुढे ओढला.

“मालनबाई.”

“पुढं?”

“आहेर.”

“ते शेवटचं झालं. मधलं सांगा. साहेबांचं.”

मालनबाईनं पदर सारखा केला, दुकानातल्या कॅलेंडरकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, “गणपतीचे वडील.”

निवृत्ती मनाशी हसला. असल्या बायका त्यानं चिकार पाहिल्या होत्या. मागल्याच आठवड्यात एकीनं ‘रामाचे वडील’ सांगितलं होतं, त्यानं दशरथ लिहिलं, आणि ते बरोबर निघालं होतं. त्यामुळे आपल्या हुशारीवर त्याचा भलता विश्वास बसलेला. उलटून न विचारता त्यानं फॉर्मवर लिहून टाकलं, शंकर.

“रेशनकार्डाची झेरॉक्स आणलीय?”

“घरी हाय.”

“मग नंतर द्या आणून.”

नंतर कोण देतंय आणि कोण मागतंय! पण फॉर्मला काहीतरी टाचायला हवं. निवृत्तीनं ड्रॉवर उघडला, तर त्यात लाइटबिलाची एक झेरॉक्स लोळत पडलेली. नाव, शंकर आहेर, पत्ता, जेलरोड. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले कुणी शंकरराव मोबाइल घ्यायचा म्हणून ती ठेवून गेले होते. पण त्यांची बायको गोजराबाई म्हणाली, “दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर बसता, फोन कुणाला करायचाय?” आणि बेत बारगळला. झेरॉक्स राहिली. निवृत्तीला वाटलं, देवच पावला! नाव जुळतंय, आडनाव जुळतंय. त्यानं फॉर्मवर पत्ताही जेलरोडचा उतरवला, बिल टाचलं आणि गठ्ठा कंपनीकडे पाठवून दिला. अशा रीतीनं देवळालीगावची मालनबाई कंपनीच्या दप्तरी जेलरोडच्या शंकररावांची बायको होऊन बसली. चार वर्षं याचा पत्ता ना तिला, ना त्यांना.

नंबर मात्र फळला. त्र्यंबक पेंटरनं तो डब्यांच्या झाकणांवर ऑइलपेंटनं लिहिला. मांड्याचा डबा लग्नघरी जायचा, तिथून पाहुण्यांच्या हाती, तिथून आणखी कुठे. काही डबे परत यायचे नाहीत, पण त्यांच्या झाकणांवरून ऑर्डरी यायच्या. मालनबाई फोन उचलायची तीच विचारत, “किती मांडे?” हॅलो वगैरे तिला वेळ घालवणं वाटायचं.

आणि मग दोन हजार सातची आखाजी तोंडावर आलेली असताना सरकारी हुकूम आला, की चालू असलेल्या सगळ्या प्रीपेड नंबरांची फेरपडताळणी करा. मार्चअखेरपर्यंत ज्याचे कागद जुळणार नाहीत, त्याचा नंबर बंद. कंपनीनं मालनबाईला मेसेजवर मेसेज पाठवले. ते इंग्रजीत असल्यामुळे तिनं ते दिवाळीच्या शुभेच्छांसारखे सोडून दिले.

कंपनीचा दिनेश नावाचा माणूस कागदावरचा पत्ता शोधत जेलरोडला पोचला. दार गोजराबाईनं उघडलं.

“शंकर आहेर इथंच राहतात?”

“इथंच. का?”

“त्यांच्या मिसेसना बोलवता का? मालनबाईंना?”

गोजराबाईनं दाराची कडी धरली. मागे ओसरीवर शंकरराव पेपर वाचत होते, तो त्यांनी तोंडापुढे आणखी उंच धरला. म्हणजे झालंच.

“कोण मालनबाई?”

“शंकर आहेरांच्या पत्नी. हा बघा ना, हा त्यांचा मोबाइल नंबर.”

शंकरराव पेपराआडून “अगं, मी नाही...” एवढंच बोलले. तेवढं पुरेसं झालं. गोजराबाईनं दिनेशच्याच फोनवरून तो नंबर लावायला लावला.

“किती मांडे?” पलीकडून आवाज.

“मांडे गेले खड्ड्यात! कोण बोलतंय?”

“मालनबाई आहेर. तुमी कोन?”

“जेलरोडचा आहेर तुझा कोण लागतो?”

“माझा कुनी नाय बाई. चुकून लागला असंल फोन.”

“चुकून? सरकारी कागदावर तू त्याची बायको हायेस!”

“काय बोलता! माझा नवरा हे ना घरात. आत्ता पाटी रंगवतोय समोर.”

“असं? मग नाव सांग त्याचं.”

मालनबाई गप्प.

“सांग ना! नवरा हाय ना तुझा? नाव सांग त्याचं!”

समोर नवरा ब्रश फिरवतोय, वर दारावर त्याचं नाव लाल-पिवळ्या रंगात चमकतंय, आणि मालनबाईच्या तोंडून अक्षर फुटेना. त्या शांततेचा अर्थ गोजराबाईनं काय लावला, हे सांगायला नको. तिनं दिनेशला तिथल्या तिथं बजावलं, “आमच्या घरावर हा नंबर नाय चालायचा. बंद करा. लिहून पाहिजे तर लिहून देते.” दिनेशनं नोंद केली, ‘ग्राहक पत्त्यावर राहत नाही’, आणि मालनबाईलाही कळवून टाकलं, की कागदावर नवऱ्याचं नाव शंकर लागलंय, कॅनडा कॉर्नरच्या ऑफिसात येऊन नाव-पत्ता जुळवून द्या, नाहीतर महिनाअखेरीस नंबर जाईल.

इकडे देवळालीगावात बातमीला पाय फुटायला कितीसा वेळ? संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं, की मालनबाईचा फोन कुणा शंकरच्या बायकोच्या नावावर आहे. “तरी म्हटलं, नवऱ्याचं नाव का घेत नाही!” असं एक म्हणाली. दुसरी म्हणाली, “दोघांत घोटाळा नको व्हायला.” त्र्यंबक पेंटर वरून हसला, पण दुसऱ्या दिवशी ट्रकवरचा मोर अर्धा टाकून त्यानं शिडी लावली आणि दारावरच्या स्वतःच्या नावावर लाल रंगाचा नवा हात चढवला. पूर्वी हातभर असलेली अक्षरं दीड हात झाली. घरात एकच प्रश्न, तोही भिंतीकडे बघून: “शंकर सांगता आलं तुला. माझं नाव काय जड होतं?”

“अवो, मी कुठं शंकर म्हनाले? गनपतीचे वडील म्हनाले. त्या मुडद्यानं लिवलं शंकर!”

“गणपतीच्या वडलांना हजार नावं आहेत.”

“मग तुमच्या आईनं सोपं ठेवायचं नाय का?”

यावर त्र्यंबकनं दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी त्यानं पाहिलं, की मालनबाई डब्यांची झाकणं पुढ्यात घेऊन बसली आहे आणि एकेका नंबरावरून बोट फिरवते आहे. आखाजीच्या सगळ्या ऑर्डरी त्या नंबरावर यायच्या होत्या. नंबर गेला, तर इतक्या गावांत, इतक्या लग्नघरांत विखुरलेली ती झाकणं कोण पुसून येणार होतं? त्यानं रेशनकार्ड पिशवीत टाकलं, चपला घातल्या आणि म्हणाला, “चल.”

ऑफिसात रांग दारापर्यंत. सबंध नाशिकला एकाच दिवशी आपली ओळख पटवायची आठवण झालेली. काउंटरवर तृप्ती नावाची पोरगी, सकाळपासून तेच तेच बोलून आवाज बसलेला. मालनबाईचा नंबर आला आणि मागून ओळखीचा आवाज घुमला, “हीच का ती?” लेखी देण्यासाठी गोजराबाई स्वतः आली होती. उंच, दणकट, हातात खऱ्या लाइटबिलाची पिशवी.

“मावशी, मूळ फॉर्म पुण्याला आहे,” तृप्ती कॉम्प्युटरकडे बघत म्हणाली. “इथं फक्त नाव-पत्ता दिसतोय. चार वर्षांपूर्वी जे नाव दिलं होतं तेच तुम्ही सांगितलं, तर नंबर तुमचा असं मी धरणार. मग दुरुस्ती करता येईल. पतीचं नाव सांगा.”

मालनबाईनं रेशनकार्ड पुढं सरकवलं. “त्याच्यात लिवलंय.”

“यात त्र्यंबक आहे. इथं वेगळंच दिसतंय.”

आता गंमत बघा. खरं नाव सांगितलं तर बाई खोटी ठरणार, आणि खोटं सांगितलं तर खरी. मालनबाई नवऱ्याकडे बघायला लागली. आणि त्र्यंबक पेंटर, ज्यानं स्वतःचं नाव दीड हात उंच केलं होतं, तो खाकरला आणि काउंटरवर वाकून म्हणाला, “मॅडम, शंकर ना? मीच शंकर.”

“आणि त्र्यंबक?”

“तेही मीच. देव काय वेगळे आहेत? कागदावर त्र्यंबक, घरात शंकर.”

मालनबाई त्याच्याकडे बघतच राहिली. या माणसानं एकदा जत्रेत कुणी ‘अहो तुकाराम’ म्हणून हाक मारली, तर तासभर भांडण काढलं होतं.

तृप्तीनं रांगेकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. तिलाही दुपारचा डबा खायचा होता. “ठीक आहे. पण ग्राहक तुम्ही आहात, मावशी. तुम्ही हो म्हणा. तुमचे मिस्टर म्हणजेच शंकर आहेर, बरोबर?”

फक्त मान हलवायची होती. बोलायचंसुद्धा नव्हतं. एवढं केलं की नंबर वाचला, झाकणं वाचली, आखाजी वाचली. मालनबाईची हनुवटी जराशी खाली गेलीही.

“हां, हलव! हलव मान!” मागून गोजराबाई कडाडली. “माझा नवरा म्हणं हिचा नवरा! बघा हो सगळे, माझ्या देखत म्हणतेय!”

आणि मालनबाई फिरली. डोळे असे, की खापरावर पाणी पडावं. इतकी वर्षं नाशकात राहून बऱ्यापैकी घासून निघालेली तिची माहेरची बोली एकदम वर उसळली.

“कोन शंकर? कसाना शंकर? मना नवरानं नाव त्र्यंबक शे! त्र्यंबक! त्र्यंबक आहेर! आयकू उनं का?”

रांगेतला एक जण उगाचच “हो हो” म्हणाला. त्र्यंबक पेंटरनं काउंटरची कड धरली. आईच्या माघारी इतक्या मोठ्यानं त्याचं नाव कुणी घेतलंच नव्हतं. मालनबाईनं पदर तोंडात कोंबला, पण नाव सुटून गेलं होतं. आणि चोरून एक नजर तिनं नवऱ्यावर टाकली, हा आहे ना अजून उभा, म्हणून.

“मग जुळत नाही, मावशी,” तृप्ती हळू आवाजात म्हणाली. “इथं शंकर आहे. मला नंबर बंदला टाकावा लागेल.”

“थांब गं,” असं म्हणून लोकांना कोपरानं बाजूला करत गोजराबाई पुढं आली. तिनं मालनबाईला खालून वर न्याहाळलं. “नवऱ्याचं नाव घेत नाहीस तू?”

“नाय.”

“कधीच?”

“लग्नातबी नाय.”

“म्हणून त्या दिवशी फोनवर गप्प बसलीस?”

मालनबाईनं मान हलवली. आता ती सहज हलली. गोजराबाई वळून तृप्तीला म्हणाली, “ही बाई खोटं नाय बोलायची. चारचौघांत नवऱ्याचं नाव घ्यायला काय लागतं, ते तुला या वयात नाय कळायचं. नंबर हिचाच. ते बिल आमचं हाय. आमच्या ह्यांनी फोन घ्यायचा म्हणून दुकानात ठेवलेलं, ते दुकानदारानं हिच्या फॉर्मला जोडलं. मी देते लिहून.”

तृप्तीनं कागद काढला. “चालेल. मग ह्यांचा नवा फॉर्म भरून घेते, रेशनकार्ड लावते, नंबर तोच राहील. काकू, तुम्ही सांगा, मी लिहिते. लाइटबिल कोणाचं?”

“आमच्या घरातलं.”

“नाव?”

गोजराबाईनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. छताकडे पाहिलं. पंख्याकडे पाहिलं.

“काकू, नाव?”

“...गणपतीचे वडील.”

सकाळपासून पुष्कळ शिकलेली तृप्ती लगेच म्हणाली, “म्हणजे त्र्यंबक!”

“अगं ए!” गोजराबाई किंचाळली, “आता माझ्या गळ्यात हिचा नवरा बांधतेस का?”

रांग इतकी हसली, की बाहेरचा पहारेकरी आत डोकावून गेला. शेवटी मालनबाईच पुढं झाली. तिला काय अडचण? “शंकर लिव गं पोरी,” ती ऐटीत म्हणाली. “शंकर आहेर, जेलरोड.” गोजराबाईनं तिच्याकडे इतक्या कृतज्ञतेनं पाहिलं, की तिथंच आखाजीच्या मांड्यांची ऑर्डर देऊन टाकली. शंकररावांना पुरण वर्ज्य आहे, हे तिला घरी गेल्यावर आठवलं.

नंबर राहिला. परतल्यावर मालनबाई खापर तापवायला बसली आणि त्र्यंबक ‘ट्रकवाल्याकडे जाऊन येतो’ म्हणून बाहेर पडला. ट्रकवाला राहिला एका बाजूला. हा थेट कोपऱ्यावरच्या पीसीओत. थोड्या वेळानं मालनबाईचा फोन वाजला.

“किती मांडे?”

“मांडे नकोत,” पलीकडचा माणूस आवाज जाड करून म्हणाला. “आधी ओळख पटवा. आपण कोणाच्या मिसेस बोलताय? पूर्ण नाव सांगा, जरा मोठ्यानं.”

मालनबाईनं दारातून कोपऱ्याकडे पाहिलं. पीसीओच्या काचेत रंगानं बरबटलेली विजार स्वच्छ दिसत होती. तिनं पदर सारखा केला.

“शंकररावांच्या,” ती म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.